इंजिन थंड झाल्यावर

"पॅकिंग नाई हे, पापड झाला याचा. निघता निघत नाई बेटं. अन् जोर लावला तं तुकडे होतीन."

पुनाजी मिस्त्री मोटारीच्या जबड्यात डोकं घालून स्वतःशीच पुटपुटत होता. पण आनंदाबाई दोन हातांवर, ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला आणि थोडं बरंही वाटलं. महिनाभर त्यांच्यासमोर कोणी इतकं साधं, मनापासून कुरकुरलंच नव्हतं. येईल तो आवाज बारीक करून बोलायचा, जसं काही आतल्या खोलीत कोणी झोपलं आहे.

झोपलेलं कोणी नव्हतं. प्रमिला, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणासाठी हिंगणघाटला माहेरी आली होती. खंडेनवमीच्या दुपारी कळा सुरू झाल्या. मूल आडवं आहे, वर्ध्याच्या दवाखान्यात न्या, असं सुईण म्हणाली. सकाळची आगगाडी निघून गेली होती, दुसरी रात्री होती. म्हणून प्रमिलेच्या वडिलांनी, अण्णाजींनी, ही मोटर काढली. वायगावच्या अलीकडे मोटारीनं वाफ सोडली आणि जागीच बसली. पुढचा रस्ता बैलगाडीनं. वर्धा आलं तेव्हा लेकही नव्हती आणि पोटातलंही नव्हतं.

त्यावर सगळ्या गावानं आनंदाबाईंना इतकं समजावलं, इतकं समजावलं, की समजायचं म्हणून काही शिल्लकच राहिलं नाही. कोणी म्हणे नशीब. कोणी म्हणे आयुष्यच तेवढं. आणि सगळे मिळून म्हणत, मोटर जुनी होती. मोटर जुनी होती हे खरंच. चौतीस सालची. कापसाच्या जिनिंगचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना अण्णाजींना देऊन गेलेला. अण्णाजी त्याच जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं इंजिनावर होते. ते म्हणत, बायकोपेक्षा मोटर कमी बोलते. आनंदाबाई म्हणत, पण पाणी जास्त पिते.

आता दोघंही काही म्हणत नसत.

एक गोष्ट मात्र अण्णाजी, आनंदाबाई आणि पुनाजी या तिघांनाच ठाऊक होती. अष्टमीला पुनाजीनं नवी पॅकिंग बसवली होती. इंजिन आणि त्याचं डोकं यांच्या मधे चपातीसारखी पातळ पॅकिंग असते, ती आग एकीकडे आणि पाणी एकीकडे ठेवते. नवी पॅकिंग एकदा तापली की दबते, नट ढिले पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन थंड झालं की नट पुन्हा कसायचे. एवढं सांगून पुनाजी नवमीसाठी आपल्या गावी गेला होता.

नवमीला सकाळी आनंदाबाईंनी पूजा मांडली. घरातलं लोखंड सगळं पाटावर घेतलं. विळा, भाजी चिरायची पावशी, हातोडी, मोटारीचे नट कसायचे दोन्ही पाने. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. अण्णाजींनी पान्याला हात घातला तशा त्या म्हणाल्या होत्या, "पूजेतलं उचलता का आजच्या दिवशी? उद्या सोनं लुटलं का मंग काय कसायचं ते कसा." अण्णाजींनी हात मागे घेतला होता.

तेव्हापासून आनंदाबाईंना एकच जाणून घ्यायचं होतं. नट कसले नाहीत, त्यामुळेच झालं की नाही? रडू येत नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. फक्त हे एवढं, दातात अडकल्यासारखं. अण्णाजी काल म्हणाले, "बैलानं ओढून आनलेली मोटर अशी उभी पाहवत नाई, चालू करून देऊन टाकू कोनाले," आणि पुनाजीला बोलावणं गेलं, तेव्हापासून त्या आज या पायरीवर बसायचं ठरवून होत्या.

शेवटी पॅकिंग सुटली. पुनाजीनं ती उजेडात धरली, क्षणभर पाहिली आणि झटकन पोत्याखाली सारली.

"दाखवा," आनंदाबाई म्हणाल्या.

"काय पाहता बाई, जळकं आहे."

"जळकं तं जळकं. घरात काय कमी जळते? दाखवा."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि स्वतःच पोतं उचललं. पॅकिंगचा बाकी पत्रा चांगला तांबूस होता. फक्त आगीच्या दोन मोठ्या भोकांच्या मधून पाण्याच्या बारीक छिद्रापर्यंत बोटभर काळी वाट गेली होती. 

"इथूनच पानी गेलं का?"

"मोटर जुनी आहे, बाई," पुनाजी म्हणाला आणि पातं घेऊन कडा खरवडायला लागला.

अण्णाजी रॉकेलची बाटली घेऊन आले. त्यांनी पॅकिंग पाहिली, पाहिली नाही असं केलं, आणि इंजिनाचं डोकं मांडीवर घेऊन नारळाच्या काथ्यानं घासत बसले. पुनाजीनं त्यावर लोखंडी पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं. नाही आला. डोकं सरळ होतं.

मग त्यानं वर्ध्याहून आणलेल्या दोन नव्या पॅकिंग वर्तमानपत्रातून काढल्या. एक दोन्ही बाजूंनी तांब्याची. दुसरी एका बाजूनं टिनाची, पण जरा जाड.

"कोनती लावू, अण्णाजी?"

"तुले समजते ते लाव."

पुनाजी थांबला. हाच माणूस नटाखालच्या एकेका वायसरवरून अर्धा अर्धा तास भांडायचा. "नाई जी, तुमी सांगा. जाड आहे ते लवकर दबनार नाई. पन छिद्रं पाहा लागतीन."

"म्हनलं ना, कोनतीही लाव."

आनंदाबाईंनी हात पुसले, एकेक पॅकिंग जुनीवर ठेवली आणि आभाळाकडे धरली. जाड पॅकिंगमध्ये पाण्याचं एक छिद्र अर्धं झाकलं जात होतं. तांब्याच्या सगळ्या छिद्रांतून निळं दिसलं.

"हे लावा."

पुनाजीनं तीच लावली. बोटानं तेलाचा हात फिरवला, डोकं अलगद खाली सोडलं. आधी मधला नट, मग त्याच्या शेजारचे, असं करत कडेपर्यंत. एकदा हलके, मग जरा जोरात, मग अंगाचा भार देऊन. मोटारीत पाणी भरलं. अण्णाजींनी हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं.

आवाज ऐकून शेजारची धुरपता कुंपणापाशी आली. "चालू झाली का व माय! बरं झालं बापा..." आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. पदर तोंडाला लावून ती आल्या पावली परत गेली.

अर्ध्या तासानं पुनाजीनं इंजिन बंद केलं. हात पुसत, सवयीनं, पान्यांची पिशवी बांधत तो म्हणाला, "आता उद्या सकाळी थंड झालं का अण्णाजी, तुमी हे नट..."

तो तिथंच अडला. पिशवीची गाठ त्यानं परत सोडली.

"मी बसतो. थंड होऊ द्या."

मग तिघंही बसले. सकाळचे दहा वाजले होते. आनंदाबाईंनी भाकरी वाढली, पुनाजीनं एक खाल्ली, अण्णाजींनी अर्धी. ऊन मोटारीच्या टपावरून खाली उतरलं. पुनाजी मधून मधून इंजिनाला तळवा लावून पाही, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा, आणि मान हलवी. चारच्या सुमाराला त्यानं तळवा लावला तो तसाच ठेवला.

"झालं थंड."

आनंदाबाई उठून त्याच्या अगदी खांद्यापाशी उभ्या राहिल्या. त्यानं मधल्या नटावर पाना चढवला आणि दाबला. सकाळी अंगाचा भार देऊन कसलेला नट गुमान फिरला.

"किती फिरला?"

"थोडासा."

"थोडासा म्हनजे किती, पुनाजीभाऊ?"

पुनाजीनं अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजी जमिनीकडे पाहत होते.

"पाव फेरा असन."

"बाकीचे पन तसेच फिरतीन?"

"फिरतीन. नव्या पॅकिंगले फिरतेच बाई."

"अन् नाई फिरवले तं?"

"आता तुमाले काय सांगू... मोटर जुनी आहे. म्या थांबायले पायजे होतं त्या दिवशी. मीच गावाले..."

"मी ते नाई विचारून राह्यली."

पुनाजीनं पाना दुसऱ्या नटावर ठेवला, पण दाबला नाही.

"मोटर मोटर काऊन करून राह्यला रे," अण्णाजी म्हणाले. त्यांचा आवाज महिनाभर न वापरल्यासारखा आला. ते उठले आणि आनंदाबाईंच्या समोर येऊन उभे राहिले. "तू नको म्हनलं. अन् मी बत्तीस वर्स इंजिनावर राह्यलेला मानूस, मले सारं समजत होतं. तरी मी हात मांगं घेतला, काऊन का मलेही त्या दिवशी नट कसायचा कंटाळाच होता. मोटारीनं काई नाई केलं. प्रमिलेले आपन मारलं. तू अन् मी."