पुलावरचा अक्रोड

खिंडीतल्या लाकडी पुलावर अक्रोडाचा जुना वृक्ष आडवा झाला, त्याला आज अकरा दिवस झाले होते. म्हाताऱ्या मेंढपाळ उमसुनाय-आपांची अडीचशे मेंढरे पुलाअलीकडे अडकली होती. इकडचे गवत मुळासकट संपले होते. पुलापलीकडच्या वरच्या कुरणात ते गुडघाभर माजले होते. आणखी चार दिवस असेच गेले, तर कोकरे मरू लागणार होती.

आपांकडे करवत होती, तीन धट्टेकट्टे मुलगे होते. परवानगी तेवढी नव्हती. खिंड राखीव वनात होती, राष्ट्रीय उद्यानातही होती आणि जैवावरण क्षेत्रातही. तीन खात्यांनी आपापले नकाशे तिच्यावर एकावर एक पांघरले होते. अशा ठिकाणी वरच्या दर्जाच्या खात्याने निर्णय द्यावा, असा नियम होता. दर्जा कोणाचा वरचा, हे लिहायचे राहून गेले होते.

शेवटी आपांनी पुलाजवळ तंबू ठोकला आणि तिन्ही अधिकाऱ्यांना जेवायला बोलावले. दाराशीच तिघांचे खांदे एकमेकांत अडकले. मानाची जागा तिघांनाही हवी होती. झाडाचा विषय निघाला मात्र, आणि तिघेही एकदम लहान झाले.

"आम्ही आपले सल्लागार हो, आपा," जैवावरणवाला एर्मेक म्हणाला. "मोठं खातं उद्यानाचं."

"वा रे! तुम्हाला नवी गाडी मिळाली तेव्हा मोठं कोण होतं?" उद्यानाचा जिरगाल फिस्कारला. "सगळ्यांत कडक राखीव वन. तोक्तोसुन म्हणेल तसं."

"कडक म्हणूनच तर हात लावता येत नाही ना!" तोक्तोसुन म्हणाला.

वारशासाठी भांडणारे आपांनी पुष्कळ पाहिले होते. ओझ्यासाठी भांडणारा अजून जन्माला यायचा होता. त्यांनी सुनेला खूण केली. उकडलेल्या मेंढ्याचे मस्तक परातीत आले, तशा तिघांच्याही पाठी ताठ झाल्या.

"मस्तक बैठकीतल्या सर्वांत मोठ्याचं," आपा म्हणाल्या. "घ्या, बाळांनो, ज्याचा दर्जा वरचा त्यानं घ्यावं. आणि घेईल त्यानं झाड कापायच्या या अर्जावर सही करावी."

पुढे आलेले तिन्ही हात जागीच थबकले. एर्मेकला पोटदुखी आठवली, जिरगालला पथ्य. तोक्तोसुनने परात हळूच सरकवली. ती फिरत फिरत आपांपुढे येऊन थांबली.

"म्हणजे इथं माझ्याहून मोठं कोणी नाही." आपांनी मस्तक स्वतःपुढे ओढले आणि दाराकडे पाहून मुलाला हाक दिली, "तालान्त! काढ रे करवत!"

खिंडीत करवतीचा आवाज घुमू लागला. तिघांनीही माना खाली घालून मोठमोठे घास घेतले. जेवण उरकल्यावर त्यांनी संयुक्त अहवाल लिहिला: झाड वाऱ्याने आपोआप बाजूला झाले, कोणत्याही खात्याचा संबंध नाही. आणि पहिली सही कोणाची, यावरून त्यांची अशी जुंपली, की शेवटचे मेंढरू पूल ओलांडून गेले तरी त्यांचा निकाल लागला नव्हता.