परातीवरचं ओलं फडकं

बाजारातून स्वस्तातली कापडाची फुलं आणायची, त्यांवर मोती-टिकल्या चिकटवायच्या आणि नवरीचे हळदीचे दागिने करायचे, हा माझा धंदा. सिल्वासाच्या उन्हात खरी फुलं दुपारीच माना टाकतात, म्हणून माझ्याकडे गिऱ्हाईक येतं.

खेरडीच्या नवरीचा साज मी परातीत मांडून ठेवला होता. सकाळी पाहते तर परातीवर निथळणारं फडकं! टिकल्या सुटलेल्या, गुलाबी रंग मोत्यांवर उतरलेला. माझं डोकंच फिरलं. सायली गावातल्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्यावर आधी ओरडले, "तुमच्या आईला जरा तरी कळतं का?"

सासूबाई कालच शिरपूरहून आलेल्या. दारातूनच घाबरत म्हणाल्या, "हळदीपर्यंत सुकी जातीन ना माय, म्हनून झाकलं."

फडकं पिळता पिळता मी त्यांच्याकडे पाहिलं. अजूनही सुईत दोरा स्वतः ओवणारी, जन्मभर बाजारात बसून गजरे विकत आलेली ही बाई. माझी फुलं तिला खरी वाटली होती.