हुकूम पुलाचा

गुरुपाद वालूरचा. बाप वारल्यावर दुकान थोरल्या भावाकडं गेलं आणि हा सरकारी हत्यारबंद पोलिसात शिरला. लिंगायताच्या घरातला पोरगा निजामाच्या राज्यात बंदूक घेऊन उभा राहतो, याचं त्याच्या आईला, बसम्माला, फार कौतुक. १९४८च्या उन्हाळ्यात त्याची दहा जणांची तुकडी चुडावा स्टेशनाजवळच्या रेल्वेपुलावर पहाऱ्याला बसली.

पुलापासून अर्ध्या कोसावर एक वाडी होती. तिथली कस्तुराबाई रोज सकाळी ताकाचं मडकं घेऊन चौकीवर यायची. तिचा मुलगा सटवाजी शेती बघायचा. "उन्हात उभे ऱ्हाता, पोटात थंड असावं," असं म्हणत ती गुरुपादला आधी वाटी भरून द्यायची.

वैशाखातल्या एका दुपारी ती अनवाणी पळत आली. डोक्यावर पदर नव्हता.

"टोळी आलीय वाडीवर! तलवारी हायत, बंदुका हायत. सटवाजीनं वेशीत गाड्या आडव्या लावल्यात. चला लवकर, तुमी दहाजण हाव!"

जमादार व्यंकटराव बाजेवरून उठला, पण पुढं आला नाही. "आमचा हुकूम पुलाचा हाय, बाई. वाडीचा न्हाई."

"पूल कुठं पळून जायलाय?"

गुरुपाद म्हणाला, "साहेब, मी एकटा जातो. दोन बार हवेत काढले तरी पांगतील."

"पाऊल टाकून बघ. बंदूक काढून घेईन अन् कोठडीत घालीन."

कस्तुराबाईनं गुरुपादचा हात धरला. "लेकरा, तुमी तरी चला."

गुरुपादला नोकरी दिसली, कोठडी दिसली, वालूरला मान खाली घालून परतणं दिसलं. तो जागचा हलला नाही. तिनं हात सोडला आणि आली तशी एकटीच परत पळाली.

थोड्या वेळानं वाडीच्या बाजूनं बार ऐकू आले, मग धूर दिसला. जमादारानं सगळ्यांना पुलाकडं तोंड करून उभं केलं.

पहारा बदलल्यावर गुरुपाद वाडीत गेला. जळक्या गाड्यांशेजारी कस्तुराबाई सटवाजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो खांदा द्यायला वाकला.

"हात लावू नका," ती म्हणाली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. पुलावरच्या तुकडीनं बंदुका खाली ठेवल्या. टोळीबरोबर कोणकोण होतं याची चौकशी सुरू झाली. आसपासच्या गावांतून माणसं बोलावली, पुलावरच्या जवानांना रांगेत उभं केलं. कस्तुराबाई गुरुपादसमोर थांबली.

नव्या साहेबानं विचारलं, "हा त्या दिवशी वाडीत आला होता?"

"आला व्हता. सगळं झाल्यावर."

"बंदूक होती?"

"व्हती."

"चालवली?"

"न्हाई," ती गुरुपादच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "चालवायचीच व्हती, साहेब. यानं चालवलीच न्हाई."

"म्हणजे या माणसानं कुणावर गोळी झाडली नाही," साहेब कारकुनाला म्हणाला. "लिहून घ्या."

"तसं न्हाई म्हणत मी! ऐका तरी…"

"बाई, तुमचं झालं. पुढं चला."

गुरुपादच्या तोंडाशी आलं होतं, की साहेब, ती काय म्हणायलीय ते नीट ऐका. पण शिपायानं तिला दंडाला धरून बाजूला नेलं, आणि हा रांगेत गप्प उभा राहिला.

व्यंकटरावाला घरी बसवलं. गुरुपादच्या कागदावर 'निर्दोष' असं आलं आणि महिन्याभरात त्याला नव्या पोलिसात घेतल्याचा हुकूम वालूरला पोचला. बसम्मानं आळीत साखर वाटली.

"तोंड गोड कर की," तिनं त्याच्या हातावर चिमूट ठेवली.

त्यानं साखर अंगणात मुंग्यांना टाकली आणि दार लावून पडून राहिला.

पहिल्या परेडला मात्र तो वेळेवर हजर झाला.