मामांचं जादा अक्षर

माझ्या लग्नात माझ्या माहेरची, हिंगोलीची पोरं माझ्या सासरच्या लोकांना हसली, तेव्हा पदराआड मीही हसले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात माझा शहाणपणा किती आणि लाज किती, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

हसू आलं ते पंचशीलाला. आमच्या बौद्ध लग्नात सगळे मिळून पाच शीलं म्हणतात, पाली भाषेत, आणि प्रत्येक शील एकाच शब्दावर संपतं: समादियामि. म्हणजे मी अंगीकारतो. हिंगोलीचे लोक म्हणाले 'समादियामि' आणि साखऱ्याचं, म्हणजे सासरचं, वऱ्हाड म्हणालं 'समादि-ह-यामि'. तो ह साधा नव्हता, आत ओढलेला होता. पन्नास माणसं पाच वेळा एकाच जागी उचकी लागल्यासारखी थांबली, मग पोरं कशी गप्प बसतील? "उचकीवाले आले," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांच्या पुढं माझे सासरे मुंजाजी पांढरा फेटा बांधून उभे होते. पोरं कशाला हसतात ते त्यांना कळलं नाही. लग्नघरी हसतातच, असं समजून तेही हसले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूला, म्हणजे भागूबाईंना, आत्याबाई. मामांना अक्षरओळख नव्हती. सत्तावन्न साली ते हिंगोलीत कापसाच्या एका जिनिंगवर कामाला होते. तिथल्या जोडीदाराच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी सगळी वंदना पाठ केली आणि दर आठवड्याला गावी येऊन आमच्या वस्तीला शिकवली. ना पुस्तक, ना पाटी. त्यांनी म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकून उचलायचं. गावात त्यांना जमीन नव्हती, कुठल्या कमिटीत नाव नव्हतं. पण वस्तीतली म्हातारी माणसंही त्यांना अगोदर जयभीम घालायची, कारण मुंजाजीनं आपल्याला वंदना दिली.

मी सातवी पास होऊन आलेली, पंचफुला नावाची शहरातली सून. दोन वर्षं तो ह ऐकला आणि गप्प राहिले. घरातल्या घरात कोण ऐकतंय, असं मनाला सांगायची.

चौऱ्याहत्तर साली वस्तीत विहार उभा राहिला. विटांच्या चार भिंती आणि वर पत्रे. वैशाख पौर्णिमेला उद्घाटन ठरलं. परभणीहून भंते येणार होते, हिंगोलीहून तीस-चाळीस माणसं येणार होती आणि त्यांच्यात माझे वडील होते. तिथं माझी झोप उडाली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा रेल्वेत गँगमन होते. रुळावर हातोडा वाजवून तडा ओळखायचे, आणि घरात आमच्या बोलण्यावरही त्यांचा तसाच हातोडा चालायचा. लहानपणी माझा ण जरा न कडे झुकला की परत म्हणायला लावायचे, ताटातली भाकर गार होईपर्यंत. लग्नात ते पाहुण्यांच्या गडबडीत होते, म्हणून वाचलो. आता ते पहिल्या रांगेत बसणार होते. त्यात माझ्या नवऱ्यानं, शेषरावांनी, मोठ्या हौसेनं सेनगावचा भोंगा ठरवला. म्हणजे मामांचा ह आता नुसता वस्तीला नाही, साऱ्या शिवाराला ऐकू जाणार होता. हिंगोलीची पोरं हसणार, भंतेंसमोर हसणार, आणि या वेळी मामांना कळणार की ते कशाला हसतात.

मामांना सुनेनं सांगायचं तरी कसं? मग मी बायका धरल्या. वंदना म्हणताना आमच्याकडे आवाज बायकांचाच असतो, पुरुष नुसते ओठ हलवतात. बायका सुधारल्या की मामांचा एकट्याचा ह त्यांच्या आवाजात बुडून जाईल, असा माझा हिशेब.

उन्हाळ्यात आम्ही धसकटं वेचायला जायचो, पेरणीआधी रानातली ज्वारीची खुंटं उपटून ढीग घालायचं काम. तिथं मी विषय काढला. "तुमी मधीच ह म्हणता, तो पालीत न्हाई."

"कुठं म्हणतो?" पारुबाई म्हणाली. वस्तीतला सगळ्यात खणखणीत आवाज तिचा. "म्हणून दाखव."

मी दोन्ही म्हणून दाखवलं. एकदा माझं, एकदा त्यांचं. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दोन्ही एकच तर हाय," पारुबाई म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते. पण नाही, तिला खरंच फरक ऐकू येत नव्हता. जो ह मला रस्त्यातल्या दगडासारखा लागायचा, तो तिच्या कानाला लागतच नव्हता. दोन दिवस मी घसा कोरडा केला. तिसऱ्या दिवशी चिडून मी तिचं बोट पाण्यात बुडवलं आणि तिच्याच ओठांपुढं धरायला लावलं. "आता म्हण." ती म्हणाली. शब्दभर बोटाला ऊन वाफ लागली आणि 'दि' झाल्यावर एकदम गार लागलं, कारण तिथं ती वारा आत ओढत होती. पारुबाईनं बोटाकडे बघितलं, परत म्हटलं, परत बघितलं. "आगं बया, व्हय की," ती हळूच म्हणाली.

मग साऱ्या रानात बायका ओलं बोट तोंडापुढं धरून पंचशील म्हणताना दिसू लागल्या. शेजारच्या बांधावरचा गडी काम सोडून बघत उभा राहिला. बोट गार झालं की चूक, ऊन राहिलं की बरोबर. आठ दिवसांत सगळ्यांचं जमलं. आत्याबाईंचंही जमलं. मामांचं नाव न घेता त्यांनी मला एकच विचारलं, "त्यायला सांगितलं का?"

"न्हाई."

त्यांनी पुढचं खुंट उपटलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. बाहेर मामा शेषरावांना हाक मारत होते. "शेष-ह-राव, त्या भोंग्याची तार बराबर हाय का बघ." दोन वर्षं मी ही हाक ऐकत होते. मामांची छाती जिनिंगच्या धुळीनं बसलेली, बोलता बोलता मधेच दम तुटायचा, हे घरात शेंबड्या पोरालाही माहीत. पण घरात दुसरं कुणीही शेषरावांना 'शेष-ह-राव' म्हणत नव्हतं. माझा हात पिठातच राहिला.

मराठीत मामांचा दमा आमच्या कानांनी आपोआप बाजूला काढला होता. नाव कसं आहे हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून. पालीत कुणाला काय ठाऊक? शब्द कुठं संपतो, कुठं सुरू होतो, काहीच माहीत नाही. मामांच्या तोंडून आलं ते सगळंच अक्षर. एका माणसाचा दम तुटला आणि अख्ख्या वस्तीनं तो दम पाठ केला. मी ज्याला अडाणीपणा समजून हसले होते, तो त्यांचा श्वास होता.

मग मामा अंगणात बसून पंचशील म्हणू लागले. उद्याची तयारी. मी मनातल्या मनात माझ्या रीतीनं सोबत म्हणू लागले, आणि प्रत्येक वेळी मी पुढं निघून गेले. ते 'दि' वर थांबत, छाती भरून घेत, तोवर माझं पुढचं शील सुरू झालेलं असे. तेव्हा कुठं मला कळलं मी काय करून बसले ते. बायकांच्या आवाजात त्यांचा ह बुडणार नव्हता. बायका पुढं निघून जाणार होत्या आणि मामा मागं राहणार होते. भोंग्यासमोर, एकटे.

मी पिठाच्या हातानं पारुबाईकडे पळाले. "जुनंच म्हणा उद्या. मामाला झेपणार न्हाई."

"आता कसं?" ती म्हणाली. "आमी आठ रोज बोटं भिजवली. आता जुनं म्हणू गेलं तर जीभच अडते." तिनं म्हणून दाखवलं, तर खरंच तिचा ह भलत्याच ठिकाणी आला. बाकीच्या जणी पाहुण्यांच्या सैपाकाला लागलेल्या, कुणी ऐकून घेईना. काहींना वाटलं, उद्घाटनाच्या भीतीनं सुनेचं डोकं फिरलं. आत्याबाई डाळ निवडत होत्या. त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत डाळीत बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पौर्णिमेला सकाळी नऊलाच पत्रे तापले होते. भंते बसले. दादा पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. त्यांच्या मागं लग्नातलीच ती पोरं. भंते म्हणाले, "आधी गावाच्या तोंडून होऊ द्या." मामा माइकपुढं उभे राहिले. फेटा तोच. आमच्याकडे एकानं आधी आणि बाकीच्यांनी मागून, अशी रीत नव्हती. सगळ्यांनी बरोबरच म्हणायचं.

पहिलं शील. बायका न थांबता गेल्या. मामांनी ओढून ताणून गाठलं. मागची पोरं हसली नाहीत, हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला हेच तर हवं होतं. दुसऱ्या शीलाला मामांच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या. त्यांनी वळून बायकांकडे एकदा बघितलं, घाई कशाची म्हणून. तिसऱ्याला ते 'समादि' वर थांबले आणि बायका शब्द संपवून गप्प झाल्या. भोंग्यातून नुसता एक आत ओढलेला श्वास आला, मोठा, खरखरीत, एकट्याचा. पुढचा 'यामि' त्यांनी म्हटलाच नाही. ते माइककडे बघत राहिले.

मी दादांकडे बघितलं. ते मान तिरपी करून ऐकत होते, रुळावर करायचे तशी. मला वाटलं, जमीन फाटली तर बरं. हे मी केलं होतं. हसण्यापासून वाचवायला गेले आणि त्यांच्याच वंदनेतून त्यांना बाहेर काढलं.

चौथं शील मामांनी सुरू केलं तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. 'समादि' आलं आणि पुढच्या रांगेतून आत्याबाईंचा ह आला. मोठ्यांदा, छाती भरून. त्या थांबल्या होत्या. पारुबाई पुढं गेली, अर्ध्यात तिला कळलं, तिनं आत्याबाईंकडे बघितलं आणि तोंड मिटलं. त्या एका फटीत मामांनी श्वास घेतला आणि 'यामि' त्यांनी आणि आत्याबाईंनी दोघांनीच म्हटलं.

पाचव्याला सगळ्या थांबल्या. कुणाचा ह आधी आला, कुणाचा नंतर, पण सगळ्या थांबल्या. मीसुद्धा. मागं कुणीतरी फिसकन हसलं. दादांनी मान वळवून त्या पोराकडे बघितलं, मग पुन्हा समोर.

जेवणं झाल्यावर दादा मामांजवळ येऊन बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"पाव्हणं," दादा म्हणाले, "समादियामि म्हणताना तुमी मधी थांबता, ते काहून?"

"थांबत न्हाई," मामा म्हणाले. "तिथं तसंच हाय ते."

दादा मामांच्या छातीकडे बघत होते, ती अजून वरखाली होत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी चूक झाली की असंच बघायचे.

"बराबर," दादा म्हणाले, आणि माझ्या हातून तांब्या घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला अंगणात बोलावलं. आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता. "पोरी, काल बायकांनी तीन डाव एक अक्षर गिळलं. चार पाहुण्यांत असं बरं दिसत न्हाई. तू शिकलेली हायस, तू आधी शीक, मंग त्यायला शिकव."

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. ते म्हणाले, मी म्हणाले. माझा ह चुकला. ते परत म्हणाले. दोन वर्षं रोज ऐकलेलं ते अक्षर माझ्या तोंडात येईना, कधी लवकर यायचं, कधी नुसतंच बाहेर सुटायचं. शेवटी मी शेजारच्या तांब्यात बोट बुडवलं, ओठांपुढं धरलं आणि म्हटलं.

बोट गार झालं.

"आता जमलं," मामा म्हणाले.