एकवीस फुटी नवरदेव

एमआयडीसीतल्या शेडमध्ये सिराजोद्दीन चाचांनी एका परदेशी राष्ट्राध्यक्षाची साठ वर्षांपूर्वीची काळी गाडी हुबेहूब बनवली. फोटो बघून. खाली जुना टेम्पो, वर नवा पत्रा, लांबी एकवीस फूट. पहिलं भाडं जाफराबादचं, माझा मित्र कल्याणचं लग्न. चालवायला मी, शेजारी चाचा.

"चाचा, रिव्हर्स पडंना."

"फोटोत गाडी आगेच जाऊन राह्यली ना? मंग!"

फोटोतल्यासारखं स्टिअरिंगही डावीकडं. त्यामुळं ओव्हरटेकला मागून मुंडावळ्या बांधलेला कल्याण ओरडायचा, "ट्रक हाय... थांब... आता हाण!" आमच्यामध्ये काच, तिला हात जाईल एवढी खिडकी आणि मखमली पडदा.

मुहूर्त बारा पस्तीसचा. सासरे काकासाहेब घड्याळाचे इतके पक्के, की थोरलीचं एक लग्न त्यांनी चार मिनिटांवरून मोडलं होतं.

आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो, मग मांडवात. मारुतीच्या बोळात गाडी घातली. पुढचं अर्धं अंग देवळाच्या अंगणात आलं, मागचं दोन भिंतींत गच्च बसलं. पुढची दारं उघडत होती. मागची न्हाई. समोर मारुती.

बारा सव्वीस.

मी नवरीला, तृप्तीला फोन लावला. "वहिनी, नवरदेव पोचला. फक्त बाहेर निघत न्हाई."

"मंग मी आत येते!"

शालू आवरत तृप्ती पळत आली. तिच्यामागं गुरुजी, गुरुजींमागं बँड, बँडमागं जेवायला बसलेली पहिली पंगत. सगळ्यांच्या पुढं घड्याळ धरून काकासाहेब.

चाचा माझ्या शेजारून उठले, तृप्ती बसली. गुरुजी बोनेटवर चढले. "अंतरपाट?"

चाचांनी पडदा ओढला. "फोटोत नव्हता. मैंने मनानं लावला."

"शुभमंगल सावधान!" पडदा सर्रकन बाजूला, खिडकीतून हार इकडं, हार तिकडं, बँडनं आभाळ डोक्यावर घेतलं. अक्षतांनी काच भरली. मी वायपर चालू केला.

"पस्तीस. बराबर," काकासाहेब म्हणाले. मग त्यांनी गाडी नाकापासून भिंतींपर्यंत निरखली. "जावईबापू, पाचशे माणूस हाय. गाडी गिअरमधून काढून मागं ढकलली का न्हाई?"

कल्याणनं माझ्याकडं बघितलं. मी चाचांकडं.

चाचांना खरंच वाईट वाटलं. "राष्ट्राध्यक्षाची गाडी हाय, काकासाहेब. ढकलायची?"