जोडप्याचा परवाना

"एकटीचा की जोडप्याचा?" डॉलीने विचारलं आणि विचारताक्षणीच तिने जीभ चावली.

"जोडप्याचा," रॅग्ना म्हणाली. "दरवर्षीसारखा."

डॉलीचं दुकान आमिषाचं. जिवंत छोटे मासे, गांडुळं, कॉफी आणि मासेमारीचे सरकारी परवाने. एकट्याचा पंचवीस डॉलर, नवराबायकोचा मिळून चाळीस. उद्या हंगामाची पहिली सकाळ, त्यामुळे रॅग्नाच्या मागे सहा माणसं उभी होती. सगळी एकदम टोप्या नीट करायला लागली.

"अगं, आयलर्ट..."

"त्याचा नंबर तुला पाठ आहे. घाल."

डॉलीने तो यंत्रात घातला. नोव्हेंबरात रॅग्नाचा नवरा आयलर्ट ट्वाइट गावच्या तळ्यावर बोट घेऊन गेला होता. बोट सापडली, तो सापडला नाही. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून मिनेसोटा राज्याच्या लेखी तो हयात होता. यंत्राने हरकत घेतली नाही. त्याला मृत ठरवण्याचा अर्ज रॅग्नाच्या स्वयंपाकघराच्या खणात फेब्रुवारीपासून पडून होता. फक्त तिची सही राहिली होती.

सकाळी तळ्यावर धुकं होतं. रॅग्ना मागे इंजिनापाशी बसली. दोन्ही गळांना तिने स्वतः आमिषाचे जिवंत मासे लावले, तिच्या पद्धतीने, पाठीच्या पराखालून. आयलर्ट ओठातून लावायचा. त्यावरून एकतीस वर्षं वाद चालला होता.

"पाठीत टोचलेला मासा तासाभरात मरतो," असं तो म्हणायचा.

"तोवर माझ्या गळाला वॉलआय मासा लागलेला असतो," असं ती म्हणायची.

तिने तिचा गळ डाव्या बाजूला सोडला. त्याचा पुढे, त्याच्या फळीपाशी, आणि काठी खोबणीत अडकवली. मग ती मागे येऊन बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, बोट सरळ आहे. ती एकटी मागे बसली की बोटीचं नाक हातभर वर उचललं जायचं, म्हणून एरवी ती पुढे दगडांची बादली ठेवायची. आज बादली धक्क्यावरच राहिली होती.

ती फळीकडे बघत राहिली. फळी ओली होती, पण धुक्यात सगळंच ओलं होतं.

तासाभराने मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनची बोट आली. वेंडेल प्रायर. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत रॅग्नाने त्याचे कान उपटले होते, आणि नोव्हेंबरात याच वेंडेलने नऊ दिवस तळ्याचा तळ विंचरला होता.

"मिसेस ट्वाइट, परवाना?"

तिने दिला.

"दोन गळ दिसतायत."

"परवाना दोघांचा आहे. वाचता येतं ना अजून?"

"येतं." तो हसला नाही. "पण उघड्या पाण्यात माणशी एक गळ. माणूस बोटीत लागतो."

"नऊ दिवस शोधलंस ना? मग तूच सांग कुठे आहे."

वेंडेलने हातमोजे काढले. "दंड लिहीत नाही मी. फक्त सांगा, आयलर्ट गेला. तोंडाने एकदा म्हणा. मी तो गळ वर ओढतो, तुम्ही घरी जाऊन त्या कागदावर सही करा. गावाला काळजी वाटते तुमची."

"गावाला म्हण, मासे धरा."

"मिसेस ट्वाइट, नियम माझा नाही."

पुढच्या काठीचं टोक वाकलं. मासा हिसके देतो. हे तसं नव्हतं. टोक सावकाश खाली गेलं आणि तिथेच थांबलं, कुणी खालून दोरा बोटावर धरावा तसं.

वेंडेलची नजर काठीवरून बोटीच्या सरळ नाकाकडे गेली, तिथून दगडांच्या बादलीच्या रिकाम्या जागेकडे. तो याच तळ्यावर वाढला होता.

"ओढा," तो हळू म्हणाला.

"तो माझा गळ नाही."

मग तिने आपली काठी उचलली, दोरा गुंडाळला, मासा सोडवून पाण्यात सोडला आणि काठी पायाशी ठेवली.

"घे. आता एकच गळ आहे."

नोंदवही वेंडेलच्या हातात उघडी होती. बोटीत माणसं किती, हा रकाना तिला इथूनही दिसत होता. त्याने काही न लिहिता वही मिटली.

"गार वारा सुटलाय," तो म्हणाला. "फार वेळ बसू नका." तिला एकटीला म्हणाला की दोघांना, ते त्याच्या आवाजावरून कळलं नाही.

त्याची बोट धुक्यात गेली. काठीचं टोक आपोआप सरळ झालं. रॅग्ना पुढे सरकली. ती तिथे गेली तरी नाक आणखी खाली गेलं नाही, जणू तिथलं वजन मागे सरकलं होतं. तिने दोरा हळूहळू वर घेतला.

गळाला मासा होता, तिने लावलेलाच, पोटावर काळा ठिपका असलेला. जिवंत होता. पाठीवर टोचल्याची छोटी जखम होती.

गळ मात्र आता ओठातून होता.

तिने तो तसाच परत पाण्यात सोडला, हात पुसले आणि मागे आपल्या जागी जाऊन बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "या वर्षी तुझ्या पद्धतीने."