चौदावा प्रश्न

घरोघरी जाऊन प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. लोक दार उघडतात, मी हसते, ते हसत नाहीत, मी फॉर्म काढते. अकरा वर्षं झाली. कुणाची मुलं शाळेत जातात, कोण काय काम करतं, कोण कशानं आजारी पडतं, हे मी लोकांच्या उंबऱ्यापाशी उभं राहून लिहिलं आहे. तुमच्या लिहिण्यावरून शाळेच्या खोल्या वाढतात, दवाखाने उघडतात, असं पाहणी चालवणाऱ्या आमच्या प्रोफेसरबाई दर प्रशिक्षणात सांगतात. आम्ही माना डोलावतो आणि चहा कधी येतो ते बघतो. आपल्या हातात कुठे काय असतं, असंच मला वाटायचं.

या वेळचा फॉर्म बावन्न प्रश्नांचा होता. वस्ती फरशी घासायच्या कारखान्याला लागून असलेली, जिथे दाराच्या कडीवरसुद्धा पांढरी भुकटी बसते. चौदावा प्रश्न असा होता: गेल्या वर्षभरात घरातल्या कुणाला कामामुळे आजार झाला का? उत्तर ‘हो’ आलं की पंधरा ते सदतीस सगळे प्रश्न विचारायचे. आजार कोणता, कधीपासून, किती दिवस घरी बसले, उपचार कुठे घेता, तिथवर कसे जाता. तेवीस प्रश्न, चाळीस मिनिटं. उत्तर ‘नाही’ आलं की थेट अडतिसाव्यावर उडी. आणि दिवसाला आठ घरं पुरी करायची. आता तुम्हीच सांगा.

आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत. मुलांना पाढे शिकवून कंटाळले म्हणून आमच्यात आले आणि आम्हाला शिकवायला लागले. “प्रश्न असा टाकायचा की उत्तर आपल्या अंगणात पडलं पाहिजे,” ते म्हणाले. “कामामुळे काही आजारबिजार नाही ना? असं विचारा. बघा काय म्हणतात ते.” चुलीवर भांडं ठेवून दारात आलेली बाई ‘नाही’च म्हणणार. शिवाय कारखान्याचं नाव कशाला मध्ये आणा, ही धास्ती तिला असतेच. पहिला आठवडा मी प्रामाणिकपणे विचारलं. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांसारखं विचारलं. तिसऱ्या आठवड्यात विचारणंही सोडलं. दार उघडायच्या आधीच चौदासमोर ‘नाही’ची खूण झालेली असायची.

शेवटच्या दिवशीचं शेवटचं घर होतं सत्तेचाळीस नंबरचं. ते माझ्या ताईचं. नात्यातलं घर आलं तर वर कळवायचं आणि शेजारचं घ्यायचं, असा नियम आहे. पण माझे पाय भरून आले होते, आणि शेजारी मोठं कुत्रं होतं. ताईच्या ओट्यापाशी बसून चहा पिता पिता मी फॉर्म भरला. तिला काही विचारावं लागलं नाही, मला त्या घराचं सगळं पाठ आहे. आतल्या खोलीत भाऊजी तीन उशा पाठीशी घेऊन खोकत बसले होते. वीस वर्षं त्यांनी फरशी घासली, आता त्यांना आडवं होता येत नाही. त्यांचा खोकला ऐकत ऐकत मी चौदासमोर ‘नाही’ केलं आणि ताईला म्हणाले, “साखर कमी पडली गं.”

हे मी मुद्दाम केलं नाही. हाताला सवय लागली होती. पण त्यानं काय फरक पडतो?

महिनाभरानं ताईकडे गेले तर तिचा चेहरा उतरलेला. कारखान्याच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचा छातीचा दवाखाना आहे. दर मंगळवारी भाऊजी काठी टेकत तिथे जातात, नळीत फुंकतात, वाफ घेतात, आणि आठवडाभराचा श्वास घेऊन परत येतात, असं ताई म्हणते. तिथल्या नर्सनं सांगितलं होतं की दवाखाना हलणार.

“कुठे?” मी विचारलं.

“नदीपलीकडे. दोन बस बदलून. ह्यांना बसची पायरी तरी चढवते का?” ताई परातीतले तांदूळ नुसतेच इकडून तिकडे करत होती. “म्हणे पाहणी झाली, या वस्तीत कामानं आजारी कुणी सापडलंच नाही. मग इथे दवाखाना कशाला? अगं, कुणाची पाहणी? कोण मेले आंधळे फिरले इथे? तुमचीच का गं?”

“आमची नाही,” मी म्हणाले. “दुसऱ्यांची असेल.”

 मी हातातली कपबशी खाली ठेवली. आतून भाऊजींनी हाक मारली, “चिऊ आली का?” चाळिशी उलटली तरी या घरात मी चिऊच. मी आत गेले नाही. घाई आहे म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर माझी झोप गेली. ऑफिसात फोन वाजला की धाबं दणाणायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, प्रोफेसरबाईंनी नुसतं “जरा येता का?” म्हटलं तरी मला घाम फुटायचा. मास्तरांना एकीकडे घेऊन विचारलं, तर ते म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहा. तुम्ही एकट्या आहात का?” त्या वाक्यानं आधार वाटायला हवा होता. पण सगळ्यांच्याच फॉर्मात तेच असेल, तर त्या वस्तीत आम्ही आजारी माणूस शिल्लकच ठेवला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मग गुरुवारी प्रोफेसरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर आमचे गठ्ठे आणि शेजारी दवाखान्याची नोंदवही. बाई ओरडत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

“सहाशे घरांत तीन ‘हो’,” त्या म्हणाल्या. “आणि या वहीत आठवड्याला चाळीस माणसं. दोन्ही खरं असू शकत नाही. कच्चे आकडे आरोग्य खात्याला आधीच कळलेत, सोमवारी पक्का अहवाल जाणार आहे. एकदा गेला की मला त्यातला आकडा हलवता येणार नाही, आणि त्यांनी दवाखाना हलवला की तो परत आणता येणार नाही. म्हणून उद्या फेरतपासणी. मी स्वतः जाणार. उद्याच्या फेरीत उत्तरं जुळली, तर मी माझा संशय मागे घेईन आणि सही करीन.”

घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या त्यांनी डब्यात टाकल्या आणि एकेक काढून वाचल्या. बारा, त्र्याऐंशी, साठ. चौथी सत्तेचाळीस. मला पुढचे नंबर ऐकूच आले नाहीत.

“सत्तेचाळीस तुमचं ना?” बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. “सुरुवात तिथूनच करू. सकाळी दहाला. रस्ता दाखवायला तुम्ही या.”

ते घर माझ्या बहिणीचं आहे, हे तिथेच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण अकरा वर्षांचं काम डोळ्यांपुढे आलं, या वयात दुसरं कोण दारात उभं करील ते आलं, आणि मी “हो मॅडम” म्हणाले.

घरी येऊन मी ताईला फोन लावला. आयुष्यात केलेल्या लाजिरवाण्या गोष्टींत तो फोन पहिला. मी सगळं सांगितलं. पाहणी आमचीच, खूण माझीच. 

“मग आता काय करायचं?” ताईनं विचारलं.

“बाई विचारतील तेव्हा नाही म्हण. एवढंच. नाहीतर माझं काम जाईल, ताई.”

“आणि ह्यांचा मंगळवार?”

“त्याचं बघू नंतर,” मी म्हणाले. ताईनं सुस्कारा सोडला. “बरं,” म्हणाली. लहानपणी माझ्या हातून फुटलेली बरणी तिनं स्वतःच्या नावावर घेतली होती, तेव्हाही तिनं मला असंच ‘बरं’ म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही ताईच्या दारात उभ्या. वाटेत बाई काहीबाही विचारत होत्या, मी हं हं करत होते. ताईनं दार उघडलं, माझ्याकडे परक्यासारखं बघितलं आणि “या” म्हणाली. बाहेरची खोली झाडून पुसून लख्ख. कोपऱ्यातली काठी नाही, वाफेचं भांडं नाही, औषधांची पिशवी नाही. आतल्या खोलीचं दार बंद. ते दार या घरात कधी बंद नसतं. बंद खोलीत भाऊजींना गुदमरायला होतं.

मला वाटलं होतं ती त्यांना शेजारी पाठवील. पण शेजारी जायला सात पायऱ्या आहेत.

बाईंनी फॉर्म उघडला. घरात माणसं किती, कमावतं कोण, मुलं कुठवर शिकली. ताई नीट उत्तरं देत होती. बंद दारामागून एकदा ‘घुक्’ असा आवाज आला. बाईंनी मान वर केली.

“उंदीर,” ताई म्हणाली. “फार झालेत.”

सात, आठ, नऊ. पुन्हा तोच आवाज, पण दबलेला, कापडात गुंडाळल्यासारखा. माझे कान त्या दाराला चिकटले होते. देवा, एकही खोकला बाहेर येऊ देऊ नकोस, असं मी मनात म्हणत होते. दहा, अकरा. बाई हळूहळू विचारत होत्या, शब्द न गाळता, जसं आम्हाला शिकवलं होतं तसं. बारा, तेरा.

“गेल्या वर्षभरात घरातल्या कुणाला कामामुळे आजार झाला का?”

ताई माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, बोट पांढरं पडलं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

 बाईंनी खूण केली आणि पानं उलटली. पंधरा ते सदतीस. पानांचा आवाज मला आजही ऐकू येतो. “बरं, मग अडतीस,” त्या म्हणाल्या. मी वाचले होते. माझ्या जिवात जीव यायला हवा होता.

पण आतून आता काहीच ऐकू येत नव्हतं. खोकला नाही, घुसमट नाही, काही नाही. भाऊजींचा श्वास बाहेरच्या खोलीत कायम ऐकू येतो, जुन्या पंख्यासारखा तो चालूच असतो, आणि आता तो नव्हता. मी ताईकडे बघितलं. तिलाही तो ऐकू येत नव्हता. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी ती बसून राहिली, माझ्यासाठी. अडतिसाव्याचं उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

मी उठले, दाराला धडक दिली आणि आत गेले.

भाऊजी जमिनीवर भिंतीशी बसले होते. अर्धा टॉवेल तोंडात कोंबलेला, वरून दोन्ही हातांनी दाबलेला. डोळे बाहेर आलेले, ओठांभोवती निळसर. मी टॉवेल ओढला, तो निघेना, ते सोडेनात. “सोडा, भाऊजी, सोडा, मी सांगते सगळं, सोडा!” मी किंचाळले. ताईनं त्यांची बोटं एकेक करून उघडली. मग जो श्वास आत गेला, त्याचा आवाज माणसाचा नव्हता. आणि त्यामागून खोकला आला, थांबेचना, टॉवेलवर लाल ठिपके पडेपर्यंत.

ताईनं वाफेचं भांडं पलंगाखालून ओढून लावलं. प्रोफेसरबाई दारात उभ्या होत्या. हातात फॉर्म तसाच.

“मॅडम, ही माझी बहीण,” मी म्हणाले. “हे माझे भाऊजी. ती खूण मी केली. तिला ‘नाही’ म्हणायला मीच सांगितलं. दुसऱ्या घरांतही मी विचारलं नाही.”  मला वाटलं होतं की हे बोलल्यावर भीती जाईल. ती गेली नाही.

 वाफेनं भाऊजींच्या तोंडावर थोडा रंग आल्यावर बाई जमिनीवर बसल्या, पानं मागे उलटली, चौदासमोरची खूण खोडली आणि दुसरी केली.

“पंधरावा,” त्या म्हणाल्या.  “आजार कुणाला झाला?”

भाऊजींनी तोंडापुढचं भांडं बाजूला केलं. शब्द काढायला त्यांना वेळ लागला. ते बाईंकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“चिऊ,” ते म्हणाले, “मी आवाज केला नाही ना गं?”